ऊतीनुसार काम करणारी नवी नियामक जनुके: जीटेक्स डेटातून सुरुवात कशी करावी?

प्रश्न (जुळे सोलापूर)
एमएस्सीचा प्रकल्प आहे, जीटेक्सवर (माणसाच्या वेगवेगळ्या ऊतींतल्या आरएनए-मोजणीचा संग्रह). सिक्वेन्सर नाही, लॅपटॉप आणि रिअल-टाइम पीसीआर आहे. यकृत, हृदय, स्नायू अशा ऊतींत इतर जनुके चालू-बंद करणारी, पण अजून दुर्लक्षित मानवी जनुके शोधायची आहेत. टीपीएम (जनुकाचा आरएनए किती बनतो याचं माप) १ च्या खालची सगळी गाळू का? टाऊ (जनुक किती ऊती-विशिष्ट आहे हे सांगणारा ० ते १ चा आकडा) किती धरू?

उत्तर १
१ ला गाळू नका, हातची जनुके जातील. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (डीएनएला चिकटून इतर जनुके चालू-बंद करणारी प्रथिने) मुळातच कमी प्रमाणात बनतात. त्यात स्वादुपिंडात आयलेट (इन्सुलिनसारखी संप्रेरके बनवणाऱ्या) पेशी जेमतेम १–२ टक्के, म्हणजे तिथला फॅक्टर अख्ख्या ऊतीच्या नमुन्यात आणखी विरळ दिसतो. निदान एका ऊतीत ०.३ तरी असावा, एवढीच अट ठेवा.

जीटेक्सच्या आठव्या आवृत्तीची मीडियन टीपीएम फाइल खुली आहे, परवानगी लागत नाही. तिच्यात ५४ रकाने आहेत. त्यातले २ पेशी-संवर्धनांचे, ते काढा. मेंदूचे १३ भाग आहेत. त्यांचा एकच रकाना करा, नाहीतर मेंदूपुरत्या जनुकाचा टाऊ उगाच पडतो. उरले ४०. मग लॉग२(टीपीएम+१) घेऊन टाऊ काढा: प्रत्येक ऊतीसाठी १ वजा (मूल्य भागिले कमाल मूल्य), सगळ्यांची बेरीज, भागिले ३९. ०.८५ च्या वरची ठेवा. ही यादी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या १,६३९ मानवी ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरांच्या यादीशी जुळवा. त्यातले सुमारे पाव फॅक्टर डीएनएच्या कोणत्या क्रमाला चिकटतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तुमचं खरं काम तिथेच आहे.

स्नायूच्या यादीत एमवायएफ६ (स्नायूंचा ओळखीचा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर) वर आलं नाही, तर गणित पुन्हा तपासा.

उत्तर २
वृषणाची यादी वेगळी करा. तिथे इतकी जनुके चालू असतात की बाकीच्या ऊती झाकल्या जातात. आणि पीआरएसएस१ सारखं स्वादुपिंडाचं जनुक भलत्याच ऊतीत किंचित दिसलं तर भुलू नका, ती सिक्वेन्सिंगच्या वेळची सरमिसळ असते.

प्रश्नकर्ता
मग टाऊ जास्त म्हणजे ते जनुक नियामक, असं लिहू शकतो?

उत्तर ३
नाही. टाऊ फक्त ते कुठे बनतं एवढंच सांगतो. यकृतासाठी हेपजी२ (यकृताची पेशीरेषा) पेशींत त्या जनुकाविरुद्ध दोन वेगवेगळे एसआयआरएनए (जनुकाचा आरएनए नष्ट करणारे छोटे आरएनए) वापरा, प्रत्येकी १०–२० नॅनोमोलर, आणि ४८–७२ तासांनी लक्ष्य जनुके मोजा. दोन्हींनी तीच जनुके त्याच दिशेने बदलली (घसरली किंवा वाढली) तरच दावा करा. आधी ते जनुक हेपजी२ मध्ये चालू आहे का ते बघा. ही कर्करोगाची पेशीरेषा आहे, यकृताचे बरेच गुण तिने गमावलेत.

झिंक-फिंगर (डीएनए पकडणाऱ्या बोटांसारख्या भागांचे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर) जनुकांत फसगत ठरलेली. सगळी बोटं बहुधा शेवटच्या एकाच एक्सॉनवर (जनुकाचा, आरएनएत टिकणारा तुकडा) असतात, तिथे पीसीआरचा प्रायमर बसवला की उरलेला जीनोमिक डीएनएही वाढतो. डीएनेझ (डीएनए कापणारं विकर) द्याच, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएपासून डीएनए बनवणारं विकर) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्याबरोबर चालवा. प्रायमर बोटांच्या आधीच्या भागात घ्या, कारण १९व्या गुणसूत्रावरची भावंडं एकमेकांशी फार मिळतीजुळती आहेत. बाहेरून आरएनए मागवत असाल तर कोरड्या बर्फातच; सोलापूरच्या एप्रिलात जेल पॅकवर विसंबू नका.