'महास्फोट': फुटला की फोडला?

— विश्वाची सुरुवात सांगणाऱ्या 'बिग बँग'ला आपण महास्फोट म्हणतो. परवा त्यावरून वडिलांशी वाद झाला. ते म्हणाले, "स्फोटात असलेलं मोडतं. त्यातून तारे, झाडं, माणसं कशी जुळून येतील? आणि शेवटी तो नुसता सिद्धान्तच ना!" मला उत्तर सुचलं नाही. शब्दच चुकलाय का?

— दुसरी हरकत आधी घेतो. 'नुसता सिद्धान्त' हे इंग्रजीतून उसनं आणलेलं दुखणं आहे. तिकडे बोलण्यात अंदाजालाही थिअरी म्हणतात. आपल्याकडे आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, मग त्याचं खंडन आणि शेवटी जे सिद्ध ठरतं तो सिद्धान्त. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये आपल्या गणित-खगोलाच्या ग्रंथाला 'सिद्धान्तशिरोमणी' नाव दिलं, ते काही 'अंदाजांचा शिरोमणी' म्हणून नव्हे! कच्च्या मालासाठी आपल्याकडे अटकळ, तर्क, गृहीतक हे शब्द आहेतच.

पहिली हरकत मात्र रास्त आहे. स्फोट म्हटलं की हल्ली सिलिंडर आठवतो, नाहीतर पुढाऱ्यांचे गौप्यस्फोट. पण धातू आहे स्फुट्: फुटणं, उमलणं. आपलं 'फुटणे' त्याच घरातलं. मडकं फुटतं, तसा कोंब फुटतो, पान्हा फुटतो, तांबडं फुटतं. तांबडं कोणी फोडलं असं कुणी विचारत नाही.

— व्युत्पत्ती झकास, पण वाचणाऱ्याच्या कानात धडामच वाजणार ना? स्फोट आधीपासून असलेल्या जागेत होतो. इथे जागाच ताणली जातेय, गेली सुमारे १३८० कोटी वर्षं. त्याला मध्यबिंदू नाही. मी तरी 'विश्वाचं प्रसरण' म्हणेन.

— प्रसरण म्हटलं की शाळेतली तापवलेली सळई! आणि रूढ नाव सहज सुटत नाही, राव. 'बिग बँग' हे नाव १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी वापरलं, आणि त्यांना स्वतःला ती कल्पनाच मान्य नव्हती. १९९३ मध्ये एका अमेरिकी खगोल मासिकाने नव्या नावासाठी स्पर्धा घेतली. तेरा हजारांवर सूचना आल्या, परीक्षकांना एकही पटली नाही.

संशयाचंच म्हणाल तर हॉईल यांचे शिष्य जयंत नारळीकर अखेरपर्यंत महास्फोटाबद्दल साशंक होते. पण ते 'स्फोटातून कसं जुळेल' यावर थांबले नाहीत. १९६५ मध्ये सापडलेलं, आकाशात सगळीकडून येणारं सूक्ष्मतरंग प्रारण (मायक्रोवेव्ह) महास्फोटाचा मोठा पुरावा मानलं जातं. तो त्यांनी टाळला नाही. ताऱ्यांचाच प्रकाश धातूंच्या अतिसूक्ष्म तंतूंत शोषला जाऊन ते तयार होतं, अशी पर्यायी मांडणी केली. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ती पटली नाही, ते वेगळं. याला मी पूर्वपक्ष म्हणेन.

— हा चर्चेचा धागा वडिलांना वाचून दाखवला. तांबडं फुटणं त्यांना आवडलं. लगेच म्हणाले, "पण तांबडं फुटायच्या आधी रात्र असते. इथे आधी काय होतं?" आता 'आधी' या शब्दावर नवा धागा काढतोय.