दहा बाय बाराच्या हॉलसाठी एडिफायर की ऑडिओइंजिन?

मोगरा (मूळ धागा)

डोंबिवलीत आमचं वन बीएचके आहे. हॉल दहा बाय बारा. त्यातच टीव्ही, सोफा, शोकेस, फोल्डिंगचं जेवणाचं टेबल आणि सासऱ्यांची, म्हणजे पप्पांची, आरामखुर्ची. पप्पांचा जुना टू-इन-वन गेल्या दिवाळीत कायमचा बंद पडला. तेव्हापासून ते मोबाईलवर भीमसेनजी ऐकतात, फोन कानाशी धरून. सकाळी चहा गाळताना मला ते दिसतं आणि जीव तुटतो. ज्या माणसाने सवाई गंधर्वच्या मांडवात सतरंजीवर रात्रीच्या रात्री काढल्या, त्याने तानपुरा ऐकूच येत नाही अशा डबीतून गाणं का ऐकायचं?

त्यांच्यासाठी स्पीकरची जोडी घ्यायची आहे. पुष्कळ शोधून दोन नावं उरली आहेत. एक एडिफायर आर १२८० डीबी. चार इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा भाग), दोन्ही मिळून ४२ वॉट, ब्लूटूथ, ऑप्टिकल (टीव्हीचा आवाज प्रकाशाच्या तारेने घ्यायची सोय), रिमोट. दुसरा ऑडिओइंजिन ए २ प्लस वायरलेस. पावणेतीन इंची वूफर, प्रत्येकी १५ वॉट, ब्लूटूथ, यूएसबी. किमतीत जवळपास दुपटीचा फरक आहे, पण रोज वापरायची वस्तू म्हणून ती तयारी ठेवली आहे.

माझा कल ए २ प्लसकडे आहे. जेमतेम सहा इंच उंच आणि चार इंच रुंद, शोकेसच्या कप्प्यात सहज बसेल. लहान घराला लहान स्पीकर, थोडाच आवाज पण स्वच्छ, असं माझं म्हणणं. नवरा म्हणतो एडिफायर. पटत नसेल तर माझं म्हणणं खोडून काढा, पण कारण द्या.

खर्जातला

मोगराताई, तुम्ही तानपुऱ्याचा विषय काढलात म्हणून त्याच्यावरच बोलतो. पुरुष गायकाचा स्वर काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) धरा. मध्य षड्ज (सा) १३९ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांच्या, जवळ येतो, आणि तानपुऱ्याची चौथी तार, म्हणजे खर्ज, त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. आता कंपन्यांचे आकडे बघा. ए २ प्लस ६५ हर्ट्झपर्यंत उतरतो, एडिफायर ५५ पर्यंत. पहिल्यात खर्जाची तार अगदी उंबरठ्यावर उभी राहते, दुसऱ्यात घरात येऊन बसते.

बाईचा स्वर काळी चार असेल तर खर्ज १०४ हर्ट्झला येतो, तिथे दोघांनाही अडचण नाही. पण तुमच्या पप्पांचं दैवत भीमसेनजी आहेत. पावणेतीन इंचाच्या वूफरकडून मी तरी ती अपेक्षा ठेवणार नाही.

नीरव

खर्जातला यांचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष मान्य नाही.

तानपुऱ्याची तार छेडली की जवारीमुळे (घोडीच्या घडणीने तारेला येणाऱ्या झंकारामुळे) मूळ स्वरापेक्षा वरचे स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारे, स्वरच जास्त बोलतात. म्हणून तर चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. शिवाय वरचे स्वर नीट मिळाले की खालचा मूळ स्वर कान स्वतः भरून काढतो. म्हणजे तानपुरा जिवंत वाटायला ६९ हर्ट्झपेक्षा मधला पट्टा स्वच्छ असणं महत्त्वाचं. गळाही तिथेच असतो, सारंगी आणि हार्मोनियमही.

दुसरी गोष्ट खोलीची. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत अर्धी लहर नेमकी मावते ती ५६ हर्ट्झला. बारा फुटांत ४७ ला. म्हणजे तुमचा हॉल ५६ च्या आसपास आपणहून घुमणार. ५५ पर्यंत उतरणारा स्पीकर तिथे ठेवलात, वर सोफा भिंतीला टेकलेला असला (छोट्या हॉलमध्ये असतोच), तर भिंतीपाशी तो घुमारा सर्वांत जास्त ऐकू येतो. मी दोन वर्षं अशाच हॉलमध्ये मोठा स्पीकर वापरला. डग्गा कुठला आणि नुसती घूं कुठली, कळायचं नाही. शेवटी विकला.

मोगरा यांचा कल बरोबर आहे. लहान खोलीत कमी पण नेमकं.

खर्जातला

नीरव, घुमारा ५६ ला आणि आपला खर्ज ६९ ला. दोन्हींत तीन अर्धस्वरांहून जास्त अंतर आहे. खोलीच्या भीतीने खर्जच सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

आणि एक मुद्दा तुम्ही वगळलात. लहान घरात आपण हळू आवाजात ऐकतो. आत मूल झोपलेलं, शेजारी भिंतीला कान लावून. आवाज कमी केला की माणसाच्या कानाला खालचे स्वर सगळ्यात आधी ऐकू येईनासे होतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून मांडलं, आणि आजही त्यात तथ्य आहे. जुन्या डेकवर ‘लाउडनेस’चं बटण त्यासाठीच असायचं. हळू ऐकताना बेस थोडा वाढवावा लागतो. एडिफायरच्या उजव्या स्पीकरच्या बाजूला बेस, ट्रेबल आणि आवाज अशी तीन बटणं आहेत. हळू ऐकताना बेस एक खूण वर, घूं झालं तर एक खूण खाली. ए २ प्लसवर ती सोयच नाही. फोनमधल्या इक्वलायझरवर भागवायचं म्हटलं तर पप्पा तो उघडणार आहेत का?

तारजोड

मी गेली वीसेक वर्षं लोकांच्या घरी टीव्ही, ॲम्प्लिफायर, स्पीकर बसवतो. हर्ट्झवरची चर्चा चांगली चालली आहे, पण घरात भांडणं होतात ती दुसऱ्याच गोष्टींवरून.

पहिली म्हणजे वायर. खोक्यावर वायरलेस लिहिलेलं असतं, ते फक्त फोनपासून स्पीकरपर्यंत. दोन्ही कंपन्यांच्या जोडीत ॲम्प्लिफायर एकाच स्पीकरमध्ये असतो, एडिफायरच्या उजव्यात आणि ऑडिओइंजिनच्या डाव्यात. त्याला प्लग लागतो, आणि तिथून दुसऱ्या स्पीकरपर्यंत तार न्यावीच लागते. तेव्हा आधी बघा, तुमचा स्विचबोर्ड कुठल्या बाजूला आहे.

दुसरी टीव्हीची. मोगराताईंनी टीव्हीच्या आवाजाबद्दल काहीच लिहिलं नाही, पण टीव्ही त्याच हॉलमध्ये आहे आणि महिन्याभरात घरातलं कुणीतरी म्हणणारच, मालिकेचा आवाजही त्यातूनच येऊ दे. ब्लूटूथने जोडलात तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. ऑप्टिकलने तो त्रास नाही. एडिफायरला ऑप्टिकल आहे, ए २ प्लसला नाही. मात्र एक लक्षात ठेवा. एडिफायर ऑप्टिकलवर फक्त पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) घेतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज डॉल्बीवर (दाबून पाठवलेल्या आवाजावर) असेल तर स्पीकरमधून काहीच येत नाही, आणि लोक स्पीकर खराब म्हणून परत करतात. मला अशा घरांतून फोन येतात. जायचं, टीव्हीच्या साऊंड मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएम करायचं, दोन मिनिटांत काम होतं.

तिसरी, आणि माझ्या मते हीच निर्णायक. ए २ प्लसला रिमोट येत नाही, आणि आवाजाचं बटण डाव्या स्पीकरच्या मागच्या अंगाला आहे. शोकेसच्या कप्प्यात ठेवल्यावर मागे हात जाईल का? आरामखुर्चीत बसलेल्या माणसाचा जाईल का?

नीरव

तारजोड, पीसीएमचं तुम्ही सांगितलंत ते फार कामाचं. रिमोटचा मुद्दा मात्र एवढा एकतर्फी नाही. टीव्हीला हेडफोनची पिन असेल तर तिथून ए २ प्लसला तार जोडता येते, मग टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. ऑप्टिकलवर बहुतेक टीव्हींचा रिमोट आवाज बदलत नाही, स्पीकरचा दुसरा रिमोट शोधावा लागतो. ब्लूटूथवर गाणं लावलं असेल तर आवाज फोनवरूनच होतो. पप्पांच्या हातात फोन असतोच.

तारजोड

मान्य, पण ‘टीव्हीला पिन असेल तर’. नव्या टीव्हींपैकी बऱ्याच टीव्हींवर ती नसते. मोगराताई, एकदा टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे बघा.

सांजवेळ

मी भिंतीच्या पलीकडची बाजू मांडते. आमच्या इमारतीत दोन घरांमधली भिंत साडेचार इंची आहे. शेजारच्या मुलाने स्पीकर आणला तेव्हा गाण्याचे शब्द आम्हाला कधीच ऐकू आले नाहीत, फक्त धप् धप्. माझ्या मांडणीवरची स्टीलची ताटं एका ठरावीक सुराला किणकिणायची. पहिल्यांदा वाटलं मांजर आली. मग लक्षात आलं, तो सूर आला की तिसरं ताट हलतं. भिंत उंच स्वर अडवते, खालचे सोडून देते. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण शेजाऱ्याकडे डेसिबल मोजायचं यंत्र घेऊन कोण जातं? त्याने स्पीकर सामायिक भिंतीवरच्या फळीवरून काढून आमच्यापासून लांबच्या भिंतीशी, स्टुलावर ठेवला. खाली जाड रबराचे तुकडे दिले. धप् धप् जवळपास गेली. स्पीकर तोच.

म्हणून मोगराताई, कुठलाही घ्या, शोकेसमध्ये ठेवू नका. सरकत्या काचा थरथरतात आणि कप्प्याच्या पोकळीत आवाज कोंडतो. दोन्ही स्पीकरचं हवेचं भोक पुढच्या बाजूला आहे, तेव्हा भिंतीजवळ चालतील, पण कोपऱ्यात नकोत. कोपऱ्यात बेस आणखी फुगतो.

खर्जातला

सांजवेळ यांना पूर्ण अनुमोदन. मी आणखी एक जोडतो. दोन स्पीकरांमधलं अंतर आणि प्रत्येकापासून खुर्चीचं अंतर साधारण सारखं ठेवा, आणि ट्वीटर (उंच स्वर वाजवणारा छोटा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणा. दोघे एकमेकांना चिकटून टीव्हीखाली ठेवलेत तर जोडी घेतल्याचा फायदाच नाही. तसं असेल तर एकच स्पीकर घ्या.

मोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री नवऱ्याने टॉर्च धरला आणि मी टीव्हीच्या मागे डोकावले. ऑप्टिकल आहे, हेडफोनची पिन नाही. म्हणजे नीरव यांचा मार्ग आमच्याकडे बंद. ए २ प्लस घेतला तर टीव्ही थेट जोडायला ब्लूटूथच.

नवऱ्याच्या मित्राने त्याची आर १२८० डीबीची जोडी रविवारपुरती दिली. शोकेसवर (आत नव्हे) ठेवून पाहिली तर सांजवेळ म्हणतात तशा काचा थरथरल्या. मग समोरच्या भिंतीशी दोन स्टुलं, एकमेकांपासून सहा फुटांवर, खाली जुन्या योगा मॅटच्या घड्या. टीव्हीवर आधी आवाजच येईना. सेटिंग उघडलं तर डॉल्बी. पीसीएम केलं आणि आला. तारजोड, तुमचा एक फोन वाचला.

पप्पांना रिमोट दिला, बाकी काही सांगितलं नाही. त्यांनी तोडी राग लावला. आवाज इतका कमी केला की स्वयंपाकघरात मला नीट ऐकू येईना. मी बाहेर येऊन म्हटलं, वाढवा की. म्हणाले, बाळ झोपलंय, मला ऐकू येतंय. मग उठून बेसचं बटण थोडं फिरवलं, परत बसले. खर्जातला, तुम्ही लिहिलं होतं अगदी तेच, आणि त्यांनी हा धागा वाचलेला नाही.

माझा कल बदलला. लहान घराला लहान स्पीकर म्हणताना मी फक्त कप्पा मोजला होता. लहान घरात एकच हॉल सगळ्यांचा असतो, टीव्हीचा आणि गाण्याचाही, आणि आवाज सतत कमीजास्त करावा लागतो. ते काम खुर्चीतून व्हायला हवं.

नीरव

तुमच्या घरासाठी निर्णय समजला. पण ए २ प्लस न ऐकताच तो बाद होतोय याचं वाईट वाटतं. मधल्या पट्ट्यात जो मोकळेपणा मला त्यात मिळतो तो चार इंचीत मिळाला नाही. जमलं तर दोन्ही एकाच जागी, एकच ध्वनिमुद्रण लावून ऐका. आणि दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. टीव्ही नसलेल्या खोलीसाठी, टेबलावर हातभर अंतरावर ठेवून ऐकणाऱ्यांसाठी मी आजही ए २ प्लसच सुचवेन.

मोगरा

नीरव, तुमचं बरोबर आहे, न ऐकता बाद करणं योग्य नाही. शनिवारी ठाण्यात एका दुकानात दोन्ही ऐकायला मिळतील असं फोनवर कळलं. पप्पाही येतायत. तोच तोडी फोनमध्ये भरून घेतलाय. ते आजपासूनच विचारतायत, दुकानात बसायला खुर्ची असते ना?