आधी लसीची आठवण, मग ऑफर
कुत्र्यांच्या ग्रूमिंगच्या, म्हणजे आंघोळ-केस कापण्याच्या, ऑफर मालकांना आपोआप पाठवल्या तर गिऱ्हाईक वाढेल का, असा प्रश्न आहे. मी म्हणेन, आधी लसीची आठवण पाठवा. रेबीजचा डोस साधारण वर्षाने, जंतांचं औषध तीनेक महिन्यांनी. तारखा ठरलेल्या, त्यामुळे हे काम सॉफ्टवेअरवर सोपवता येतं आणि असा मेसेज कुणाला खुपत नाही. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची सोय) वापरत असाल तर तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

आणि हो, कुत्रं गेल्याचं कळलं की त्याची नोंद त्याच दिवशी बंद करा. आमच्याकडून एका काकूंना त्यांच्या गेलेल्या मोतीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या होत्या. फोन करून माफी मागितली, पण त्या परत काही आल्या नाहीत.