मदत हवी आहे: लंडनच्या केसला 'ज्युनियर' बॅरिस्टर घ्यावा का?

पोपटराव: भावाची तिकडे केस उभी राहतेय. सॉलिसिटरने (केसची तयारी करणारा तिकडचा वकील) 'ज्युनियर' सुचवलाय आणि फी बघून डोळे पांढरे झाले. एवढे पैसे ओतून शिकाऊ वकील कशाला? आज रात्री उत्तर द्यायचंय, माहीतगारांनी पटकन सांगा.

मुक्ता_के: तिकडे म्हणजे? दिवाणी की फौजदारी? कोर्ट कुठलं?

पोपटराव: शीर्षकात लंडन लिहिलंय की. बिल्डरशी पैशांचा वाद.

ठाणेकर: सरळ केसी घ्या, म्हणजे किंग्ज काउन्सेल, तिकडचा मानाची पदवी मिळालेला ज्येष्ठ बॅरिस्टर. आमच्या साडूने घेतला होता, समोरचा लगेच तडजोडीला आला. ज्युनियर म्हणजे सिनियरची बॅग उचलायची आणि तारीख मागायची.

टेम्सकाठी: ते आपल्याकडे. इथे केसी न झालेला प्रत्येक बॅरिस्टर ज्युनियरच, मग वकिलीत तीस वर्षं का होईनात. शिकाऊ तो प्युपिल. त्याला साधारण वर्षभर उमेदवारी, त्यातही पहिले सहा महिने स्वतः केस चालवता येत नाही. पोपटराव, त्याचा 'कॉल' कुठल्या सालचा?

पोपटराव: ईमेलमध्ये नावापुढे १९९८ आहे. त्याचं काय?

टेम्सकाठी: अहो, हेच आधी सांगायचं! त्या साली त्याला बारवर घेतलं, म्हणजे तो बॅरिस्टर झाला. मुरलेला माणूस आहे. असे ज्युनियर दुसऱ्या ज्युनियरला हाताखाली घेऊनही केस लढवतात.

ठाणेकर: मुरलेला आहे तर अजून केसी का नाही?

टेम्सकाठी: अर्ज करावा लागतो, निवड होते, आणि झालं की फी वाढते, लहान कामं येईनाशी होतात. कित्येक जण मुद्दाम थांबतात. सरकारची बाजू मांडणारा 'ट्रेझरी डेव्हिल' पूर्वी परंपरेने ज्युनियरच असे.

अण्णा_सातारा: बाबासाहेब लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेचे बॅरिस्टर. सावरकरही तिथलेच.

मुक्ता_के: सावरकरांना बारवर घेतलंच नाही. आणि धागा कशाचा चाललाय?

ठाणेकर: केसी घेतला तरी त्याच्यासोबत ज्युनियर घ्यावाच लागतो. साडूला दोघांचं बिल आलं.

टेम्सकाठी: ती सक्ती १९७७ मध्ये गेली. साडूंच्या सॉलिसिटरला गरज वाटली असेल. पोपटराव, दाव्याची रक्कम किती? त्यावर ठरेल.

पोपटराव: रक्कम कशाला हवी? घेऊ की नको एवढंच सांगा.

मुक्ता_के: रक्कम!!