अतिरिक्त, स्टेपनी की पुरुमेंत?

फोंडेकर: एका पतसंस्थेचा इंग्रजी प्रस्ताव मराठीत करतोय. शाखेचं नेट पावसात सारखं जातं, म्हणून दुसऱ्या कंपनीची लाइनही घ्यावी, एवढंच. 'रिडंडन्सी'ला, म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहावं या सोयीला, कोशातला 'अतिरिक्तता' टाकला. अध्यक्षांनी खर्चावर काट मारली: "अतिरिक्त आहे ना? मग कशाला?" शनिवारी बैठक. शब्द सुचवा.

जुनेमास्तर: अध्यक्षांचं काय चुकलं? सावंतवाडीला शाळेचा पट घसरला तेव्हा मी 'अतिरिक्त' ठरलो होतो. त्या शब्दावर कोणी पैसे सोडत नाही.

बांदा_पणजी: सरळ 'स्टेपनी' लिहा.

केबलवाला: नको हो. स्टेपनी डिकीत पडून असते, पंक्चर झाल्यावर जॅक शोधा. ट्रकची मागची जोडचाकं बघा, दोन्ही रस्त्याला टेकलेली. एक बसलं तरी गॅरेजपर्यंत जाता येतं. आणि दोन्ही केबली एकाच चरातून नेऊ नका. बिलं दोन, जेसीबीचा फटका एकच.

शब्दवेडी: स्टेपनी हा वेल्समधला रस्ता. १९०४ साली तिथे हे जादा चाक निघालं. 'रिडंडन्सी'च्या पोटात लॅटिन 'उंदा' आहे, म्हणजे लाट. भरून ओसंडणं. साळावली धरणाचा सांडवा आठवा! माझं मत 'ओसंड'.

फोंडेकर: 'ओसंड' वाचून अध्यक्ष प्लंबर बोलावतील.

कुंकळ्ळीची: आमच्याकडे शब्द आहेच, पुरुमेंत. पावसाआधी सुकं मासळं, कोकम, मिरच्या भरून ठेवतात ते.

जुनेमास्तर: मराठी प्रस्तावात पोर्तुगीज? 'बेगमी' म्हणा.

कुंकळ्ळीची: बेगमी फारसी, मास्तर. आणि पगार, चावी, बटाटा कुठून आले?

केबलवाला: बेगमी म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी, ती संपते. इथे हवी दुसरी वाट. जुलै १९८६ मध्ये पणजीचा मांडवी नदीवरचा पूल कोसळला, तेव्हा घरात पुरुमेंत असून पलीकडे पर्वरीला जायला फेरीबोटच. आता तीन पूल आहेत, कोणी 'अतिरिक्त' म्हणतं?

बांदा_पणजी: तिसरा गर्दीसाठी बांधला, पहिले पडतील म्हणून नव्हे. उदाहरण फसलं.

केबलवाला: फसू दे. फोंडेकर, शब्द सोडा, तास मांडा. कंपनी ९९.९ टक्के चालू लिहून देते, म्हणजे वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. ते तास नेमके पगाराच्या दिवशी येतात. त्या दिवसाचं नुकसान एका बाजूला, दुसऱ्या लाइनचं भाडं दुसऱ्या बाजूला.

शब्दवेडी: 'मुभा' अरबी ना?

जुनेमास्तर: 'मुबाह'वरून. पण 'केबली' हे अनेकवचन कुठल्या व्याकरणात बसतं?

फोंडेकर: दोन दिवस नेट नव्हतं, आत्ता वाचतोय. बैठक झाली. 'जोडलाइन' लिहिलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "जोडायची कशाला?"

कुंकळ्ळीची: मास्तर, सुके बांगडे हवे असतील तर मे संपायच्या आत सांगा.