वृद्धाश्रमातल्या माणसाने बाहेर जायला परवानगी कुणाची घ्यायची?

अवधूत_पुणे:
माझी आत्या, वय 78, बँकेतून निवृत्त, अविवाहित. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आपण होऊन पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेली. डिपॉझिट तिचं, दरमहाचे पैसे तिच्या पेन्शनमधून. फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून सही तेवढी माझी. आता तिला कोपऱ्यावरच्या दुकानातून साधं पेनचं रिफिल आणायचं असलं तरी ऑफिसातून मला फोन येतो, "मॅडमना सोडू का?" मी कामात असलो, फोन उचलला नाही, की ती गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसून राहते. मॅनेजर इतका भला माणूस, की भांडताही येत नाही.

अंघोळ पहाटे साडेपाचला. का, तर रात्रपाळीच्या मावशी सातला सुटतात आणि त्याआधी सगळ्यांचं उरकून द्यायचं असतं. नोकरीत होती तेव्हापासून आत्या संध्याकाळी घरी आल्यावर अंघोळ करायची. जेवण, औषधं, डॉक्टर, कशाबद्दलही तक्रार नाही. पण जिचं डोकं शाबूत आहे, तिच्या जाण्यायेण्याबद्दल तिलाच विचारा ना. मला का विचारता?

संस्थाचालक:
मी नाशिककडे 40 जणांचा आश्रम चालवतो, म्हणून लिहितो. तुमच्या आत्या दुकानात जातील आणि धडधाकट परतही येतील. नव्याण्णव वेळा. शंभराव्या वेळी रिक्षाचा धक्का लागून खुब्याचं हाड मोडलं, की तुम्ही नाही, वर्षभर तोंड न दाखवलेला तुमचा मुंबईचा चुलतभाऊ येतो. "एकटं सोडलंच कसं?" पोलीस स्टेशनच्या बाकावर मग मी बसायचं.

निवड देऊनही बघितलीय. चहा बिनसाखरेचा केला, साखरेच्या डब्या टेबलावर ठेवल्या. आठवड्यात एका आजोबांची शुगर 400 च्या वर. मुलीने फोनवर जे झापलं ते इथे लिहिता येणार नाही. रात्री 40 जणांना दोन मावशी, त्यातली एक कधी गावाला जाईल सांगता येत नाही. अशात प्रत्येकाची अंघोळीची वेळ वेगळी?

वकिली_चष्मा:
कायद्यापुरतं बोलतो. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला गेटच्या आत ठेवायचा अधिकार भाच्याला नाही, संस्थेलाही नाही. फॉर्मवर सही केली म्हणून अवधूत तिचे पालक होत नाहीत. गंमत म्हणजे ज्येष्ठांसाठीचा 2007 चा कायदा बराचसा मुलांनी-नातेवाइकांनी द्यायच्या पोटगीभोवती फिरतो. कलम 19 गरजू ज्येष्ठांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात किमान 150 जणांची सोय असलेल्या निवासाबद्दल बोलतं. सेवांचे निकष ठरवायचं काम राज्यांवर सोडलंय.

खुब्याचा_डॉक्टर:
संस्थाचालकांना पडण्याची भीती वाटते ती खरी आहे, उपाय मात्र उलटा. खुर्चीत बसवून ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मांडीचे स्नायू भराभर झिजतात, आणि मग ते माणूस खोलीतून संडासापर्यंत जाताना पडतं. पलंगाला कठडे लावतात तेही तसंच. लघवीला घाईची लागली की लोक कठड्यावरून उतरतात, म्हणजे आणखी उंचावरून पडतात. गुडघा बदललेल्या बाईला दुकानापर्यंत रोज चालत पाठवा, हेच औषध आहे. हातात काठी द्या, पायात मागून पट्टा असलेली चप्पल.

मीनल_ठाणे:
हे सगळं डोकं शाबूत असलेल्यांसाठी ठीक. माझ्या आईला डिमेन्शिया आहे. एकदा संध्याकाळी निघून गेली ती रात्री कल्याण स्टेशनवर सापडली, गाऊनवर. मला गेटला कुलूप हवंय आणि त्याची मला लाज वाटत नाही.

लीड्सची_नर्स:
मीनलताई, लाज वाटायचं कारणच नाही. मी इंग्लंडमध्ये केअर होममध्ये काम करते. निर्णयक्षमतेबद्दलच्या इथल्या 2005 च्या कायद्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: माणूस शहाणपणाचा नसलेला निर्णय घेतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. आणि क्षमता त्या-त्या निर्णयापुरती बघायची. तुमच्या आईंना रस्ता ओलांडणं जमणार नाही, पण दोन साड्या समोर धरल्या तर हवी ती त्या ओढून घेतील. पंधरा साड्यांचं कपाट उघडलं तर गोंधळतील. कुलूप इथेही लावतात. मात्र ज्याला संमती देता येत नाही त्याला असं अडवून ठेवायचं तर स्थानिक प्रशासनाची मंजुरी लागते. (इथे सगळं गोडीगुलाबीचं आहे असं समजू नका. ते अर्ज महिनोन्महिने पडून असतात आणि माणसं इथेही कमीच.)

मीनल_ठाणे:
साडीचं करून बघते. कुलूप राहणार.

संस्थाचालक:
इंग्लंडचं इंग्लंडमध्ये. अवधूत, तुमच्या आत्यांकडून लिहून आणा की त्या स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर जातात. खाली तुमची आणि चुलतभावाची सही. असा कागद असेल तर मी माझ्याकडच्याही चालत्याफिरत्यांना उद्यापासून सोडतो.

अवधूत_पुणे:
कागद आत्या लिहील, तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. पण भावाची सही कशाला? म्हणजे फिरून परवानगी आमचीच.

संस्थाचालक:
कारण भांडायला आत्या येत नाहीत, भाऊ येतो.

वकिली_चष्मा:
सही नको, प्रत पाठवा. भावाला कळवलं याची नोंद राहते आणि त्याच्या हो-नाहीवर काही अडत नाही. शिवाय कागदाने निष्काळजीपणा माफ होत नाही, हेही लक्षात असू द्या. गेटबाहेरचं गटाराचं झाकण उघडं आहे हे माहीत असून सांगितलं नाही, तर कागद असूनही प्रश्न तुम्हालाच.

खुब्याचा_डॉक्टर:
आणि अंघोळ? तो मुद्दा सगळ्यांनी गिळला.

संस्थाचालक:
गिळला नाही. संध्याकाळी चार ते सहा एक बाई ठेवायची तर तिचा पगार वाटून घ्यावा लागेल. सात-आठ जणी तयार झाल्या तर परवडतं. ज्यांची पेन्शन आहे त्यांना मी सरळ विचारीन. पण निम्म्यांचं बिल मुलगा भरतो. त्याला न विचारता वाढवलं तर पुढच्या महिन्यात पैसेच येत नाहीत. तिथे काय करायचं, ते सांगा कुणीतरी.