फ्लॉरेन्समध्ये बिस्तेक्का आल्ला फियोरेंतिना कुठे खावी?

सांजवारा

नमस्कार. येत्या ऑक्टोबरात मी, माझे यजमान, नणंद आणि सासूबाई इटलीला जात असून त्यातले काही दिवस फ्लॉरेन्समध्ये राहणार आहोत. त्या शहराची ओळख मानली जाणारी बिस्तेक्का आल्ला फियोरेंतिना, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेला गोमांसाचा हाडासकट जाड तुकडा, तिथेच जाऊन खायची अशी यजमानांची आणि माझी फार दिवसांची इच्छा आहे. मात्र माहिती काढायला बसले, तर जवळजवळ प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी आपलीच बिस्तेक्का अस्सल असल्याचे सांगत असल्यामुळे निवड कशाच्या आधारे करावी, हे कळेनासे झाले आहे.

अडचणी तीन आहेत. मांस आतून लालच वाढतात आणि जास्त भाजून मागितलेले तिथे आवडत नाही, असे वाचले. ते खाणे कितपत सुरक्षित आहे? दोघांसाठी किती मागवावे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नणंद फक्त चिकन खाते व सासूबाई अंड्यापलीकडे काही खात नाहीत, तर चौघांना एका टेबलावर समाधानाने जेवता येईल असे ठिकाण आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उंबरठा

कामानिमित्त काही वर्षे फ्लॉरेन्समध्ये राहिल्यामुळे या विषयावर थोडे अधिकाराने लिहितो. ठिकाणांची नावे सांगतोच, परंतु त्याआधी बिस्तेक्का कशी ओळखावी हे सांगणे मला जास्त गरजेचे वाटते, कारण उपाहारगृहांचे आचारी आणि मालक बदलत असतात. पारखण्याची रीत मात्र बदलत नाही.

हा तुकडा जनावराच्या कमरेच्या भागातून, मणक्याच्या हाडासह कापलेला असतो. हाडाचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा असतो. त्याच्या एका बाजूला लुसलुशीत फिलेट आणि दुसऱ्या बाजूला जास्त चवीचे, किंचित घट्ट मांस असते. फिलेट नसेल तर त्या तुकड्याला कोस्ताता म्हणतात. कोस्ताताही चांगलाच लागतो, पण फियोरेंतिनाच्या भावाने तो घेऊ नये. जाडी निदान तीन-चार बोटे, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर असावी लागते आणि म्हणूनच वजन सहसा एक किलोच्या वर जाते. चांगल्या ठिकाणी कच्चा तुकडा टेबलावर आणून दाखवतात, वजन सांगतात आणि तुम्ही होकार दिल्यावरच तो निखाऱ्यांवर चढतो. हे आपणहून केले नाही तर निःसंकोच सांगावे. त्यात कुणाला वावगे वाटत नाही. सिन्योरिया चौकाच्या परिसरातल्या एका उपाहारगृहात मला न विचारता, न दाखवता थेट कापलेल्या फोडी आणून वाढल्या, हाडाचा पत्ता नव्हता आणि बिलावर मात्र दोघांना न संपणारे वजन लावलेले होते. तेव्हापासून मी कच्चा तुकडा पाहिल्याशिवाय होकार देत नाही.

आता तुमच्या चौघांविषयी. माझ्या मते तुमच्यासाठी विया देल पोर्चेल्लाना या रस्त्यावरचे सोस्तांत्सा सर्वांत योग्य आहे. १८६९ पासून चालत आलेली ही लांबट, अरुंद त्रात्तोरिया, म्हणजे साधे घरगुती उपाहारगृह आहे. भिंतींना पांढऱ्या टाइल्स, टेबले एकमेकांना लागून आणि आतल्या छोट्या स्वयंपाकघरात कोळशाचा विस्तव. बिस्तेक्का उत्तम मिळतेच, पण तिच्याइतकेच नाव तिथल्या लोण्यातल्या चिकनचे आहे. कोंबडीच्या छातीचे मांस लहान तव्यात भरपूर लोण्यात शिजवतात आणि तो तवा लोणी चुरचुरत असतानाच टेबलावर येतो. नणंदबाईंचा प्रश्न तिथेच सुटला. आर्टिचोक या भाजीचे अंड्यातले तोर्तिनोही तिथे प्रसिद्ध आहे. मधोमध आर्टिचोक आणि भोवती फुगलेले, कडेने सोनेरी अंडे असा तो पदार्थ सासूबाईंना मानवेल असे वाटते. जागा थोडी असल्यामुळे आधी आरक्षण करणे भाग आहे आणि पैसे रोख बाळगावेत.

तुम्हा दोघांना आणखी एकदा खायची इच्छा झाली, तर दुपारी विया रोसिनावरच्या मारिओला जा. सान लोरेंत्सो भागातल्या मेर्कातो चेंत्राले या मोठ्या बाजाराच्या मागच्या अंगाला, १९५३ पासून चालणारी ही कुटुंबाची खानावळ आहे. अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर, स्टुलांवर खांद्याला खांदा लावून बसायचे, आवाज भरपूर, पण भाव त्या मानाने रास्त आणि मांस चोख. सासूबाईंना मात्र तिथे नेऊ नये. शेजारच्याचे ताट अगदी त्यांच्या कोपराशी येईल आणि त्यांना उगाच अवघडल्यासारखे होईल.

रानजाई

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी मांस शिजवण्याच्या तंत्राचा व्यवसायाने अभ्यास करते, म्हणून लाल मांसाच्या शंकेविषयी लिहिते.

सलग, न कुटलेल्या मांसाच्या तुकड्यात अपायकारक जंतू असलेच तर ते मुख्यतः बाहेरच्या पृष्ठभागावर असतात, कारण कापताना आणि हाताळताना स्पर्श होतो तो तिथे. रसरशीत निखाऱ्यांवर दोन्ही बाजू चार-पाच मिनिटे भाजल्या की तो पृष्ठभाग जंतूंना तग धरता येणार नाही इतका तापतो. खिम्याची गोष्ट वेगळी. कुटताना बाहेरचा भाग आत मिसळतो, म्हणून खिमा आतपर्यंत शिजवावाच लागतो. बिस्तेक्का कापल्यावर ताटात जो लाल रस उतरतो तो रक्त नसून स्नायूंतले पाणी आणि त्यातले मायोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. धडधाकट माणसाने बिनधास्त खावे. गर्भवती स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मात्र अर्धकच्चे मांस टाळावे, मग ते कितीही नावाजलेल्या ठिकाणचे असो.

जास्त भाजून द्यायला तिथले आचारी का नाखूश असतात, यालाही सबळ कारण आहे. मूळ परंपरेतले जनावर म्हणजे वाल दि कियाना खोऱ्यातली पांढरी, अवाढव्य कियानिना जात. तिचे वळू एक टनाहून जड होतात आणि पिढ्यानपिढ्या ही जनावरे नांगराला जुंपली जात होती. तिच्या मांसात चरबीची जाळी फार कमी असते. चरबीदार मांस जास्त भाजले तरी थोडा ओलावा धरून ठेवते. कियानिना मात्र आतपर्यंत शिजवली की कोरडी आणि चिवट होते. म्हणून तुकडा भाजण्याच्या बराच वेळ आधी थंडीतून बाहेर काढून ठेवतात, म्हणजे आतला भाग कोमट होतो. मग दोन्ही बाजू कडक आचेवर भाजतात आणि शेवटी तो हाडावर उभा करून काही मिनिटे ठेवतात. हाडातून हळूहळू वर चढणारी ऊब मणक्याजवळच्या मांसापर्यंत पोहोचते, जिथे वरून आच लागत नाही. आतले तापमान पन्नास अंशांच्या आसपास असताना तुकडा उतरवतात. मीठ बहुधा शेवटी, जाडे. फार तर ऑलिव्ह तेलाची धार. मसाला नाही, मुरवण नाही. मांस चांगले नसेल तर ते झाकायला या पद्धतीत काहीच नसते, आणि म्हणूनच मला ती इतकी प्रामाणिक वाटते.

वाढून आल्यावर आधी फिलेटच्या बाजूची एक फोड खावी, मग दुसऱ्या बाजूची. पहिली जिभेवर विरघळेल. दुसरी चावावी लागेल, आणि खरी चव तीत असते.

सांजवारा

उंबरठा आणि रानजाई, दोघांचेही मनापासून आभार. सोस्तांत्साच्या वर्णनाने घरात सर्वांनाच धीर आला आहे. कियानिनाचा उल्लेख वाचून एक प्रश्न पडला. मांस कियानिनाचेच असल्याचा आग्रह धरावा का, आणि ते खरेच तसे आहे याची खातरजमा कशी करायची?

गव्हाळ

आग्रह धरू नका, असे माझे मत आहे, आणि इथे कदाचित काही जण असहमत होतील.

बिस्तेक्का आल्ला फियोरेंतिना हे नाव कापण्याच्या आणि भाजण्याच्या रीतीचे आहे. त्या नावाखाली कियानिनाच वाढली पाहिजे असे बंधन नाही. शहरात परदेशांतून आलेले मांसही सर्रास वापरले जाते आणि त्यातले काही अतिशय उत्तम असते. ज्यांना खातरजमा हवी, त्यांनी मध्य अपेनाइन पर्वतरांगेतल्या पांढऱ्या गोऱ्ह्यांसाठीचे युरोपीय संरक्षित भौगोलिक मानांकन पाहावे. ते १९९८ पासून लागू आहे, कियानिना, मार्किजाना आणि रोमान्योला या तीन जातींना मिळते आणि त्यात जनावराचे वय बारा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असावे लागते. चोख व्यवहार करणारा मालक त्या जनावराचे प्रमाणपत्र दाखवतो. नुसत्या फलकावर कियानिना लिहिलेले असेल आणि कागद मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर चार पैसे जास्त मोजण्यात अर्थ नाही.

माझ्या अनुभवात चवीचा फरक जातीपेक्षा मांस किती दिवस थंडीत टांगून मुरवले आणि जनावर कसे वाढवले, यावर जास्त अवलंबून असतो. निदान दोन-तीन आठवडे थंडीत हाडासकट टांगून ठेवलेले मांस मऊ होते आणि त्याला सुक्या मेव्यासारखा हलका वास येतो. म्हणून जातीच्या आधी मुरवण्याचे दिवस विचारा.

वेळ असेल तर शहराबाहेर, कियांती टेकड्यांतल्या पांत्सानो गावी जाऊन या. दारिओ चेक्कीनी यांचा खाटिकखाना तिथे आहे आणि त्याला लागूनच लांब टेबलांवर सर्वांनी मिळून जेवायची सोय आहे. जातीचा फार बडेजाव करू नये, असे मानणाऱ्यांपैकीच तेही एक आहेत. गाईंच्या मेंदूच्या रोगामुळे २००१ च्या एप्रिलपासून युरोपात वर्षाहून मोठ्या जनावरांचे मणक्यासकट मांस विकायला बंदी आली, तेव्हा त्यांनी गावात बिस्तेक्काची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली होती. ती बंदी २००५ च्या अखेरीस उठली. ज्या पदार्थासाठी एक अख्खे गाव शोक करते, तो पदार्थ त्या मुलखातल्या माणसांना किती जवळचा आहे, हे मला तो प्रसंग समजल्यावर कळले. फ्लॉरेन्सहून ग्रेव्हेमार्गे बस जाते, पण परतीची वेळ आधी पाहून ठेवा, नाहीतर रात्री पंचाईत होते.

उंबरठा

गव्हाळ यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. आयुष्यात एकदाच खायची असेल तर त्या मातीतले जनावर खावे, असे मला मनापासून वाटते, मग ते थोडे घट्ट लागले तरी चालेल. मुरवण्याबद्दल मात्र त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे.

राहिला प्रमाणाचा प्रश्न. बिस्तेक्का नगावर नव्हे, वजनावर विकली जाते आणि भाव किलोला किंवा शंभर ग्रॅमला लिहिलेला असतो. शंभर ग्रॅमला तिथे एत्तो म्हणतात. एत्तोला सहा युरो असा आकडा स्वस्त दिसतो, परंतु सव्वा किलोचे पंचाहत्तर युरो होतात. वजन कच्च्या मांसाचे आणि हाडासकट धरतात, म्हणून दोघांना एक किलो ते सव्वा किलोचा तुकडा पुरेसा होतो. त्याआधी पास्ता मागवू नये. बरोबर ऑलिव्ह तेलातले पांढरे घेवडे आणि कियांती क्लासिको वाइन घ्यावी. घेवडे सासूबाईंनाही चालतील. रिबोल्लिता आणि पाप्पा अल पोमोदोरो ही पावाची सुपे शाकाहारी दिसतात, पण कधीकधी ती मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेवढे विचारून घ्यावे. तिथला पाव अळणी असतो. तो तसाच असतो, मीठ राहून गेलेले नसते. बिलात माणशी थोडी रक्कम कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार म्हणून लावलेली दिसेल, ती रीतसर आहे.

चार पैसे जास्त खर्च करायची तयारी असेल तर पालात्सो आंतिनोरीच्या तळघरातले बुका लापीही पाहण्यासारखे आहे. ते १८८० चे आहे आणि त्याच्या कमानदार छतावर जुनी प्रवासाची भित्तिपत्रके चिकटवलेली आहेत.

सांजवारा

ठरले तर मग. एका संध्याकाळी चौघे सोस्तांत्साला जाऊ आणि एका दुपारी नणंद व सासूबाई बाजारातल्या वरच्या मजल्यावर आपापल्या आवडीचे जेवतील, तेव्हा आम्ही दोघे शेजारीच मारिओला जाऊ. आरक्षणाचा फोन उद्याच करते.

रानजाई

बेत छान आहे. मारिओसाठी रविवार धरू नका, त्या दिवशी ते बंद असते. आणि दुपारचे जेवण लवकर गाठा, कारण ठरलेले मांस संपले की संपले. पत्ता शोधताना एवढे लक्षात असू द्या की फ्लॉरेन्समध्ये दुकानांचे क्रमांक लाल आणि घरांचे निळे किंवा काळे असतात, आणि दोन्ही मालिका एकाच रस्त्यावर स्वतंत्रपणे चालतात. पत्त्यात आकड्यापुढे आर हे अक्षर असेल तर लाल पाटीच शोधायची, नाहीतर त्याच क्रमांकाच्या कुणाच्या तरी घराच्या दारात जाऊन उभे राहाल.